हशामागचे मौन : जिप्सी रोझ ली हिच्या रहस्यकथा आणि आठवणी

१/
१९४१ साली न्यूयॉर्कच्या सायमन अँड शूस्टर या प्रकाशनसंस्थेने एक रहस्यकादंबरी बाजारात आणली : 'द जी-स्ट्रिंग मर्डर्स'. खून नाट्यगृहात होतो, संशयाच्या भोवऱ्यात सगळे नट-नट्या, आणि कथा सांगणारी नायिका म्हणजे स्वतः लेखिकाच. ही लेखिका होती अमेरिकेतील त्या काळची सर्वांत प्रसिद्ध स्ट्रिपटीज कलावती, जिप्सी रोझ ली. पुस्तक तडाख्याने खपले. सोळा वर्षांनी तिने आपल्या आठवणीही तशाच खुसखुशीत शैलीत लिहिल्या, त्याही गाजल्या. दोन्ही पुस्तकांनी वाचकांना मनसोक्त हसवले. हसवता हसवता त्यांनी काय सांगितले आणि काय झाकून ठेवले, याचा हा मागोवा.
#इतिहास #थ्रेड

२/
नामवंतांच्या हलक्याफुलक्या आठवणी आणि विनोदी रहस्यकथा हे दोन्ही प्रकार वाचायला सुखद. पण इतिहासाच्या अभ्यासात त्यांना सहसा मागच्या बाकावर बसवले जाते. काही वाचक त्यांतील प्रत्येक किस्सा जसाच्या तसा खरा मानतात, तर काही जण सगळेच 'थापा' म्हणून बाजूला सारतात. जिप्सीचे उदाहरण या दोन्ही सवयींना छेद देते. एकाच व्यक्तीने दोन्ही प्रकार हाताळले, आणि तिचे आयुष्य इतर साधनांतूनही तपासता येते. असा योग फार क्वचित जुळून येतो.

३/
तिचे मूळ नाव रोझ लुईझ हॉव्हिक. जन्म सिॲटल येथे, साधारणपणे मान्य वर्ष १९११. 'साधारणपणे' म्हणण्याचे कारण खुद्द तिची आई, रोझ हॉव्हिक. मुलांना रंगमंचावर काम करू देण्यास अनेक राज्यांत वयाची अट होती, तर रेल्वेत लहान मुलांना अर्धे तिकीट लागे. गरजेप्रमाणे मुली कधी मोठ्या, कधी लहान ठरत. त्यासाठी आईने जन्मदाखलेच बदलून घेतले होते. त्यामुळे या बहिणींच्या चरित्रकारांना पहिल्या पानापासूनच संशोधन करावे लागते. दाखला सरकारी असला तरी तो खरा असतोच असे नाही, हा धडा इथे आयताच मिळतो.

४/
त्या काळी अमेरिकेत 'व्होडव्हिल' नावाचा करमणुकीचा प्रकार जोरात होता. एका तिकिटात जादूगार, कसरतपटू, गायक, विनोदवीर, शिकवलेली कुत्री असे आठ-दहा छोटे प्रयोग एकापाठोपाठ पाहायला मिळत. कलाकार रेल्वेने गावोगाव फिरत आणि मोठ्या नाट्यगृहसाखळ्यांशी करार करत. लुईझची धाकटी बहीण जून ही या जगातील बालतारका होती. लुईझ मात्र मागच्या रांगेत, मुलाच्या वेषात, वृत्तपत्र विकणाऱ्या पोरांच्या घोळक्यात उभी राही. शाळा जवळजवळ नव्हतीच. प्रवासात हाती येईल ते पुस्तक हाच तिचा वर्ग होता.

५/
१९२७ मध्ये 'द जाझ सिंगर' या चित्रपटाने पडद्याला आवाज दिला. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला. दोन तडाख्यांत व्होडव्हिलचा कणा मोडला. या प्रकाराचे काशीक्षेत्र मानले गेलेले न्यूयॉर्कचे पॅलेस थिएटर १९३२ मध्ये चित्रपटगृह बनले. त्याआधीच, १९२८ च्या अखेरीस, जूनने संचातील एका नर्तक मुलाशी गुपचूप लग्न करून घर सोडले होते. ती तेव्हा जेमतेम पंधरा-सोळा वर्षांची होती. आईच्या हाती उरली ती मागच्या रांगेतली मुलगी.

६/
आता काम मिळत होते ते 'बर्लेस्क'मध्ये. स्वस्त तिकीट, अघळपघळ विनोदी प्रवेश, नाचगाणी आणि त्यांच्या जोडीला स्ट्रिपटीज, असा तो खेळ. मराठी वाचकाला इथे तमाशातील द्व्यर्थी संवाद आणि बतावणी आठवेल. मात्र तुलना तेवढ्यावरच थांबवावी. दोन्हींची सामाजिक मुळे अगदी वेगळी आहेत. मंदीच्या काळात ब्रॉडवेची मोठी नाट्यगृहे रिकामी पडू लागली आणि मिन्स्की बंधूंसारख्या बर्लेस्कच्या व्यावसायिकांनी ती भाड्याने घेतली. १९३१ मध्ये लुईझ, म्हणजे आता जिप्सी रोझ ली, मिन्स्कींच्या रंगमंचावर आली.

७/
जिप्सी फार चांगली नाचत नसे, गातही नसे. तिचे भांडवल होते बोलणे. ती रमतगमत चाले, प्रेक्षकांशी गप्पा मारी, कपड्याच्या टाचण्या एकेक काढून वादकांच्या ट्यूबात टाकी. उघडे पडण्यापेक्षा प्रेक्षकाला ताटकळत ठेवण्यावर तिचा सगळा भर असे. 'झीगफेल्ड फॉलीज'च्या १९३६ च्या प्रयोगात तर तिने वस्त्रे उतरवता उतरवता आपले मन मात्र साहित्य-कलेच्या उच्च विचारांत गुंतल्याचे सोंग आणले आणि प्रेक्षक हसून लोळले. नेमके किती दाखवायचे आणि कुठे थांबायचे, हे गणित तिला रंगमंचाने शिकवले. पुढे कागदावरही तिने तेच गणित मांडले.

८/
सुशिक्षित वर्गालाही या व्यवसायाचे कुतूहल होते. १९४० मध्ये विख्यात पत्रकार आणि भाषाअभ्यासक एच. एल. मेंकेन यांनी जॉर्जिया सदर्न या कलावतीच्या विनंतीवरून स्ट्रिपटीज करणाऱ्यांसाठी एक भारदस्त शब्द घडवला : 'एक्डिझिअस्ट'. साप कात टाकतो किंवा कीटक कवच सोडतो त्या क्रियेच्या ग्रीक नावावरून तो बेतला होता. शब्द गमतीचा, पण त्यामागे गरज खरी होती. या स्त्रियांना आपल्या कामाला प्रतिष्ठेचे नाव हवे होते, कारण त्याच सुमारास त्यांचे कामच हिरावले जात होते.

९/
न्यूयॉर्कचे महापौर फिओरेल्लो लागार्डिया यांना बर्लेस्क शहरातून हद्दपार करायचे होते. १९३७ च्या मे महिन्यात परवाना आयुक्त पॉल मॉस यांनी बर्लेस्क नाट्यगृहांच्या परवान्यांचे नूतनीकरण नाकारले. पुढे काही नाट्यगृहे अटींवर उघडली; पण 'बर्लेस्क' हा शब्द आणि 'मिन्स्की' हे नाव दर्शनी फलकावर लावायला बंदी आली. १९४२ मध्ये उरलेलीही बंद झाली. या धोरणाने नीतिमत्ता किती सुधारली हा वादाचा विषय आहे; शेकडो नट, वादक, शिंपी आणि पडदे ओढणारे बेकार झाले हे मात्र उघड आहे.

१०/
जिप्सी १९३७ मध्येच हॉलिवूडला गेली. तिथे ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने तिला चित्रपट दिले, पण नाव घेतले काढून. सेन्सॉरच्या धाकाने श्रेयनामावलीत 'जिप्सी रोझ ली' न येता 'लुईझ हॉव्हिक' झळकले. ज्या नावासाठी लोक तिकीट काढत, तेच नाव पडद्यावर निषिद्ध ठरले. चित्रपट यथातथाच चालले आणि ती न्यूयॉर्कला परतली. रंगमंचावर बंदी, पडद्यावर नावाची चोरी. आपले नाव ठळक छापून मिळेल अशी जागा उरली होती ती पुस्तकाच्या मुखपृष्ठाची.

११/
१९४० च्या शरदात ब्रुकलिनमधील ७, मिडाग स्ट्रीट या घरात एक विलक्षण बिऱ्हाड जमले. संपादक जॉर्ज डेव्हिस, कवी डब्ल्यू. एच. ऑडेन, कादंबरीकार कार्सन मॅकलर्स, संगीतकार बेंजामिन ब्रिटन, गायक पीटर पिअर्स. अनेकांचे वाढदिवस फेब्रुवारीत येत, म्हणून लेखिका अनाईस निन हिने त्या घराला 'फेब्रुवारी हाउस' म्हटले. याच घरात काही महिने जिप्सी राहिली आणि डेव्हिसच्या सल्ल्याने तिची रहस्यकादंबरी आकाराला आली. पुढे १९४५ मध्ये महामार्गासाठी ते घर पाडले गेले.

१२/
विनोदी रहस्यकथेला तेव्हा बाजार तयार होता. डॅशिएल हॅमेट याच्या 'द थिन मॅन'ने १९३४ मध्ये मद्याचे प्याले रिचवत आणि टोमणे मारत गुन्हा उकलणारे जोडपे लोकप्रिय केले होते. १९३९ मध्ये 'पॉकेट बुक्स' ही पंचवीस सेंटची पुस्तके आली आणि वाचन आणखी स्वस्त झाले. मंदीने गांजलेल्या आणि युद्धाच्या सावटाखालील वाचकाला अशी कथा दोन प्रकारे दिलासा देई : शेवटी गुन्हेगार सापडतो, आणि तोवर हसायलाही मिळते.

१३/
'द जी-स्ट्रिंग मर्डर्स'मध्ये नट्यांचा गळा आवळला जातो तो त्यांच्याच पोशाखातील पट्टीने. पण खुनापेक्षा लक्षात राहतो तो रंगपट. तिथे नवे शौचालय बसवले जाते, त्याच्या 'उद्घाटना'चा रीतसर समारंभ ठरतो, आणि दार उघडताच आतून प्रेत कोसळते. वाचक हसतो, मात्र याच प्रसंगातून त्याला कळते की दिवसाला अनेक खेळ करणाऱ्या या स्त्रियांना धड शौचालयही मिळत नव्हते. पोलिसांची धाड, एकमेकींचे हेवेदावे, उधार-उसनवारी, मालकाची चलाखी, विनोदवीर आणि नर्तकी यांचे नाते, सारे त्या ओघात येत जाते.

१४/
इथेच या पुस्तकाचे ऐतिहासिक मोल आहे. खुनी कोण, हे कल्पित आहे. रंगपट मात्र ओळखीचा आहे. पोलीस आणि परवाना खाते बर्लेस्ककडे 'अश्लीलतेचे प्रकरण' म्हणून पाहत, त्यामुळे त्यांच्या कागदांत या स्त्रिया आरोपी म्हणून येतात. कादंबरीत त्या कामगार म्हणून दिसतात. जो व्यवसाय शहर पुसून टाकत होते, त्याचे आतले वर्णन त्या व्यवसायातीलच एका स्त्रीने करमणुकीच्या वेष्टनात गुंडाळून जपले. गंभीर निबंध लिहिला असता तर तो किती जणांनी वाचला असता?

१५/
पण तिने हे लिहिले यावरच अनेकांचा विश्वास बसेना. कपडे उतरवणारी बाई कादंबरी कशी लिहील? विनोदी रहस्यकथांची नामवंत लेखिका क्रेग राइस हिनेच ती लिहून दिली, अशी वदंता पसरली आणि कित्येक सूचींमध्ये ती वस्तुस्थिती म्हणून छापली गेली. प्रत्यक्षात लेखन चालू असताना जिप्सीने संपादकांना लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत ती कथानकाची जुळणी, पात्रे, दुरुस्त्या यांविषयी बोलते, तेही कादंबरीच्याच मिश्कील आवाजात. डेव्हिसची मदत झाली, हे खरे. पण मदत आणि परलेखन यांत फरक असतो.

१६/
पुस्तकावर १९४३ मध्ये चित्रपट निघाला. प्रमुख भूमिकेत बार्बरा स्टॅनविक. शीर्षक बदलून 'लेडी ऑफ बर्लेस्क' झाले आणि नायिकेचे नाव डिक्सी डेझी. लेखिकेचे नाव कथेतून पुन्हा एकदा गळाले.

दरम्यान १९४२ मध्ये तिची दुसरी रहस्यकादंबरी आली : 'मदर फाइंड्स अ बॉडी'. या वेळी घटनास्थळ टेक्सासमधील फिरत्या घरांचा तळ. नायिका पुन्हा जिप्सीच, नुकतीच लग्न झालेली, सोबतीला आई. आईला प्रेत सापडते आणि पोलिसांना कळवण्याऐवजी ती रात्री गुपचूप ते पुरून येते. सारा विनोद या आईच्या अचाट वागण्यावर उभा आहे.

१७/
आता एक तारीख लक्षात घ्यावी. १९३७ मध्ये, म्हणजे या कादंबरीच्या पाच वर्षे आधी, न्यूयॉर्क राज्यातील ज्या ग्रामीण घरात खरी आई राहत होती, तिथे एका तरुण स्त्रीचा गोळी लागून मृत्यू झाला. अधिकृत नोंद आत्महत्येची झाली. पुढे अनेक वर्षांनी कुटुंबातूनच वेगळे दावे पुढे आले. ते सिद्ध झालेले नाहीत. कादंबरीवरून त्या घटनेचा निकाल लावणे हा शुद्ध अन्याय ठरेल. पण एका मुलीने आईच्या घरातील मृत्यूनंतर काही वर्षांतच 'आईला प्रेत सापडते' अशी हास्यकथा लिहावी, या योगायोगाकडे डोळेझाकही करता येत नाही.

१८/
इतिहासाच्या अभ्यासकाने अशा ठिकाणी संयम ठेवावा. कादंबरी ही साक्ष नव्हे. तिच्यावरून 'काय घडले' हे ठरत नाही. लेखिकेच्या मनात कोणता विषय घोळत होता, एवढेच दिसते. आई काहीही करू शकते आणि ते निस्तरायला मुलीलाच धावावे लागते, ही त्या पुस्तकातील भीती आहे. ती उघडपणे मांडली असती तर आरोप झाला असता, कदाचित खटलाही. विनोदी रहस्यकथेत मांडल्यावर ती गंमत झाली. विनोदाने तिला बोलण्याची मुभा दिली आणि त्याच वेळी नाकारण्याचीही सोय ठेवली.

१९/
आठवणींचा प्रवासही असाच सावध आहे. बालपणाचे काही तुकडे १९४३ मध्ये 'द न्यूयॉर्कर' या साप्ताहिकात आले. १९५४ मध्ये आईचे निधन झाले. संपूर्ण पुस्तक, 'जिप्सी : अ मेम्वार', प्रसिद्ध झाले १९५७ मध्ये. त्यात आई हॉटेलच्या ब्लँकेटांचे कोट शिवते, भाडे वाचवण्यासाठी मुले लपवते, व्यवस्थापकांना रडून-ओरडून नमवते. प्रसंग इतके रंगतदार आहेत की पान उलटल्यावरच ध्यानात येते : मुलांना शाळा नाही, घर नाही आणि स्वतःचे खरे वयही ठाऊक नाही.

२०/
त्याच घरातून दुसरी साक्ष आली. धाकटी बहीण, आता अभिनेत्री जून हॅव्हॉक, हिने १९५९ मध्ये 'अर्ली हॅव्हॉक' लिहिले. घर सोडल्यानंतर पोटासाठी तिने नृत्य-मॅरेथॉनमध्ये भाग घेतला होता. मंदीच्या काळातील या स्पर्धांत जोडपी दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे जवळजवळ न थांबता नाचत राहत. जेवण मिळे म्हणून स्पर्धक टिकून राहत आणि प्रेक्षक पैसे मोजून त्यांचे कोसळणे पाहत. जूननेही विनोद केला आहे, पण तिच्या विनोदाखालची जखम झाकलेली नाही. आई एकच, एका बहिणीच्या पुस्तकात ती अवलिया वाटते, दुसरीच्या पुस्तकात तिची झळ लागते.

२१/
१९५९ च्याच मे महिन्यात जिप्सीच्या आठवणींवरील संगीतिका ब्रॉडवेवर आली. संहिता आर्थर लॉरेंट्स, संगीत ज्यूल स्टाइन, गीते स्टीफन सॉन्डहाइम, आईच्या भूमिकेत एथेल मर्मन. जूनला आपले चित्रण मान्य नव्हते आणि तिने कडाडून हरकत घेतली. अखेर शीर्षकाखाली एक शब्द आला : 'फेबल', म्हणजे कल्पितकथा. संगीतिका अजरामर झाली. आज बहुतेकांना ठाऊक असलेली रोझ हॉव्हिक ही त्या संगीतिकेतली आई आहे. म्हणजे आठवणींतून गाळलेली आणि नाटकातून पुन्हा घडवलेली, मूळ व्यक्तीपासून दोन पायऱ्या दूर गेलेली.

२२/
पुस्तक कुठे थांबते, हेही पाहण्यासारखे आहे. ते हॉलिवूडला निघण्याच्या टप्प्यावर, १९३७ च्या आसपास संपते. म्हणजे चित्रपटातील अपमान, फेब्रुवारी हाउस, रहस्यकथा हे सारे बाहेर राहते. शिवाय स्पेनच्या यादवी युद्धातील प्रजासत्ताकवाद्यांसाठी तिने केलेली मदतही त्यात येत नाही. जून १९५० मध्ये 'रेड चॅनेल्स' या पत्रकात रेडिओ-दूरदर्शन क्षेत्रातील १५१ जणांवर साम्यवादी सहानुभूतीचा ठपका ठेवला गेला; त्या यादीत जिप्सीचेही नाव होते. अशा यादीमुळे अनेकांची कामे गेली. १९५७ मध्ये छापलेल्या हसऱ्या पुस्तकाने नेमक्या या वर्षांच्या अलीकडे पडदा पाडावा, यात नवल नाही.

२३/
या साऱ्यावरून जिप्सी खोटारडी ठरते का? तसे नाही. ज्या काळात तिच्या व्यवसायावर बंदी होती, नावावर सेन्सॉर होता, लेखणीवर अविश्वास होता आणि राजकीय मतांवर पाळत होती, त्या काळात गंभीर चेहऱ्याने बोलणे तिला परवडणारे नव्हते. हशा हे तिचे चिलखत होते. ते चिलखत कुठे जाड आणि कुठे पातळ आहे, हे पाहिले की आत कुठे मार बसत होता याचा अंदाज येतो.

२४/
म्हणून कोणत्याही कलावंताच्या, खेळाडूच्या, नटाच्या खुमासदार आठवणी हाती आल्यास आनंदाने वाचाव्यात. वाचून झाल्यावर तीन प्रश्न विचारावेत.

पहिला : पुस्तक कधी लिहिले गेले, आणि तोवर कोण हयात नव्हते?
दुसरा : कथन कोणत्या वर्षी थांबते, आणि पुढच्या वर्षांत काय घडले होते?
तिसरा : त्याच खोलीत आणखी कोण होते, आणि त्यांनी काय सांगितले?

जिप्सीच्या बाबतीत या तीन प्रश्नांची उत्तरे म्हणजे १९५४ मधील आईचा मृत्यू, १९५० मधील यादी, आणि जून.

२५/
जिप्सी रोझ ली १९७० मध्ये लॉस एंजेलिस येथे निवर्तली. जून २०१० पर्यंत हयात होती. 'द जी-स्ट्रिंग मर्डर्स' २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या फेमिनिस्ट प्रेसने पुन्हा छापली. न्यूयॉर्क शहराने तिच्या व्यवसायाची नाट्यगृहे बंद केली त्याला तेव्हा सहा दशके उलटून गेली होती. परवाना नाकारणारे आदेश आज अभिलेखागारात जाऊन शोधावे लागतात. रंगपटातील तो शौचालयाचा समारंभ मात्र पुस्तकाच्या दुकानात मिळतो, आणि आजही हसवतो.

(थ्रेड समाप्त)